रुसलेली बाई

"बघा! हिचा निर्लज्जपणा बघा, आई!"

सुनेनं फोन सासूबाईंच्या नाकाला लागेल इतका जवळ नेला. फोनमध्ये टिपवाली होती. ही बाई दागिन्यांचं दुकान चालवायची आणि रोज सकाळी फोनवरून समस्त महिलावर्गाला काय घालावं, कशावर घालावं आणि मुख्य म्हणजे काय घालू नये, ते सांगायची.

"कान बोलत असतील तर गळ्यानं गप्प बसावं," टिपवाली गोड आवाजात म्हणत होती आणि मान हलवून दोन्ही कान दाखवत होती. एका कानात इवलीशी रिकामी खुर्ची. दुसऱ्या कानात हाताची घडी घालून, पाठ फिरवून उभी राहिलेली इवलीशी बाई.

"माझी रुसलेली बाई!" सून दातओठ खात म्हणाली. "अजून विक्रीला काढलेली नाही. अजून टेबलावरून उठलेली नाही. आणि ही कानात लटकवून मोकळी?"

"छान दिसतेय पण."

"आई!"

"चांगली गोष्ट चोराच्या अंगावरही चांगलीच दिसते," सासूबाई म्हणाल्या. "तोच तर वैताग आहे."

सुनेच्या दागिन्यांचं नाव झालं होतं. तिची उलटी छत्री गाजली, वैतागलेलं मांजर त्याहून गाजलं. कल्पना, फोटो, मुलाखती असं डोक्याचं सगळं काम ती स्वतः बघायची. "आई, या वेळी काहीतरी वेगळं हं," असं सकाळी सांगून ती फोटोला बाहेर पडायची. मेणाचं बारीकसारीक सासूबाई बघायच्या. मग पॉलिशवाला ते धातूत ओतून, घासूनपुसून चमकवायचा. सुचतं कसं, असं कुणी विचारलं की सून सांगायची, "खिडकीत बसते. आपोआप येतं."

रुसलेली बाई या तिघांशिवाय कुणी पाहिलेली नव्हती. त्यातून सून वजा. सासूबाई वजा. गणित सोपं होतं.

सून मागच्या खोलीत गेली आणि पॉलिशचं मशीन बंद केलं.

"कुणाला दिलीस?"

"मी फक्त घासतो, ताई," पॉलिशवाला म्हणाला.

"उद्यापासून दुसरीकडे घास."

पॉलिशवाल्यानं एकदा सासूबाईंकडे पाहिलं. मग अॅप्रन काढला, त्यालाच हात पुसले, बराच वेळ पुसले आणि निघून गेला.

सासूबाईंचा पारा चढला तो इथे.

"त्याला का काढलंस? त्यानं काय घोडं मारलं होतं तुझं?"

"मग काय चोराला घरात ठेवू?"

सासूबाईंनी बंद मशीनकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातचं आपलं म्हणून मिरवायचं. वर जगाला सांगायचं, मला सुचलं. लाज कशी वाटत नाही गं माणसाला?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" सून म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला सासूबाईंविषयी भरून आलं.

"तर मग चल. आत्ताच्या आत्ता. तोंडावर काय ते होऊन जाऊ दे."

"तुम्ही येणार?"

"मी नाही तर कोण?"

तेवढ्यात नवरा आंघोळ करून बाहेर आला. त्यानं दोघींचे चेहरे पाहिले आणि पुन्हा आंघोळीला गेला.

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून निघाल्या. टॅक्सीत सुनेनं विचारलंच, "इतकं नटायचं काय कारण?"

"भांडायला जाताना चांगलं दिसावं," सासूबाई म्हणाल्या. "ही माझी टीप."

सून हसली. मग वाटेतले सगळे सिग्नल तिनं शिव्यांची उजळणी करण्यात घालवले. सासूबाईंनी तिला मनापासून मदत केली. 'आयत्या बिळावरचा नागोबा' त्यांनीच सुचवला. 'बांडगूळ'ही त्यांचंच. सून म्हणाली, "आई, तुमची जीभ इतकी धारदार आहे हे मला माहीतच नव्हतं."

"कधी विचारलंस?"

टिपवालीच्या दुकानाबाहेर फुटपाथभर बायकांची रांग होती. सुनेच्या डोळ्यांत रक्त उतरलं. आपला घाम, आपली खिडकी, आणि गर्दी हिच्या दारात!

"चोरीचा माल घेताय तुम्ही!" ती रांगेवर ओरडली. "ही बाई माझी आहे!"

"असेल हो," रांगेतल्या एकीनं मान हलवली. "पण मागून या. आम्हीपण कामं टाकूनच आलोय."

सून कोपरानं वाट काढत आत घुसली. मागून सासूबाई. त्यांना मात्र कोपर मारावं लागलं नाही. बायका आपोआप सरकल्या. आत मधोमध उंच टेबल होतं, वर दिवा, शेजारी मेणाच्या कांड्या आणि कोरायच्या सुऱ्या. टिपवाली हात पसरून समोरून येत होती. सुनेनं बोट उगारलं.

"बांडगूळ! कोर्टात खेचीन तुला! माझं डोकं, माझी कल्पना, माझी—"

टिपवाली त्या बोटाखालून वाकून पुढे गेली.

"आलात?" तिनं सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "सकाळपासून थांबल्यात सगळ्या." मग ती रांगेकडे वळली. "मैत्रिणींनो, रोज विचारता ना, कुणी घडवली म्हणून? छत्री, मांजर, बाई, सगळं यांनी. आणि आजपासून यांच्या स्वतःच्या नावानं."

टाळ्या पडल्या. सासूबाई टेबलाशी बसल्या. मेणाची एक कांडी निवडली, सुरी चालवली. दोन वळणांत खांदे आले, तिसऱ्यात हाताची घडी. बायका पुढे झुकून बघायला लागल्या.

सुनेचं बोट अजून हवेतच होतं.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "म्हणजे तुम्ही... हिला..."

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"सरक जरा," त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."