राहिलेली घंटा

“मॅडम, आता मीडियम वेव्ह ऐकतं कोण?” आमचं रेडिओ केंद्र बंद करायचा कागद घेऊन आलेला पुण्याचा अधिकारी म्हणाला. तमिळ किनाऱ्यावरच्या एन्नोरच्या कोळ्यांना मी तीस वर्षं पहाटे समुद्राचं हवामान सांगते. शेवटी पितळी घंटा वाजवली, की होड्या पाण्यात लोटायला हरकत नाही. आज हवामान सांगितलं, पण रागाच्या भरात घंटा राहूनच गेली. आम्ही वाद घालत बसलो. अर्ध्या तासाने फाटकाशी गलका झाला. कोळणी धापा टाकत आल्या होत्या. “अम्मा, घंटा का नाही वाजवलीत? वादळ येतंय का? एकही होडी निघालेली नाही!” अधिकारी गच्चीवर धावला. वाळूवर होड्यांची रांग खिळून उभी होती. माणसं रेडिओ कानाशी धरून बसली होती. तो खाली आला. कागद खिशात कोंबून त्याने घंटा माझ्यापुढे सरकवली. “वाजवा, ताई. लोक खोळंबलेत.”