दोन रिंगा
मेसेजला दीड रुपया पडायचा, म्हणून चुनखडीच्या खाणीवर कामाला जाताना मिथुननं बायकोला, गिरजाला, खुणा ठरवून दिल्या होत्या: एक मिस कॉल म्हणजे बरा आहो, दोन म्हणजे घरी येऊन राह्यलो. उचलायचा मात्र नाही. गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणून ती रोज दिवस मावळताना फोन घेऊन तिथं उभी राही. त्या सांजेला फोन वाजला आणि वाजतच राहिला. तिचं बोट बटणाकडे गेलं. "उचलू नोको बाई, पोराचे पैसे कटतीन," जाळं झटकत सासू ओरडली. रिंग थांबली. पुन्हा सुरू झाली, शेवटपर्यंत वाजली. "दोन झाल्या! येऊन राह्यले ते!" गिरजा पळतच पाळ उतरली. सासूनं सगळ्यात मोठी मरळ विकली नाही. त्याच्यासाठी हंड्याच्या पाण्यात जिवंत सोडली. दुसऱ्या दुपारी खाणीवरची जीप आली. मागं मिथुन होता, डोक्यापर्यंत चादरीत गुंडाळलेला. "ताप मेंदूत चढला जी," सोबतचा माणूस मान खाली घालून म्हणाला. "आमी सारे ड्युटीवर, हा खोलीत एकटाच." हंड्यातली मरळ अजून वळवळत होती. भावाला कळवायला गिरजा फोन घेऊन पाळीवर चढली. रेंज येताच फोन थरथरला. काल अडकून राहिलेला मेसेज होता, मिथुननं पैसे घालून पाठवलेला पहिलाच. तिनं एकेक अक्षर जुळवत वाचला: "गिरजा, एकडाव उचल ना."