तुझ्या लेखी

धाकट्याच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. दोन ओळींचं पत्र. "दादा, एकदा नीट बघून सांग. तुझ्या लेखी मी आत की बाहेर?" घराच्या वाटणीनंतर भावाभावांत बोलणं उरलं नव्हतं. टोमणे आता टपालाने यायला लागले, असं म्हणून त्याने ते खणात ढकललं होतं.

आज खाणीवरच्या कारकुनाचा फोन आला.

"साहेब, तुमचा मेळ चुकलाय."

खाणीवरचा कॉम्प्युटर आणि मुख्य कार्यालयातला सर्व्हर यांच्या नोंदींचा मेळ तोच सांभाळायचा. खाली उतरलेल्या माणसापुढे 'आत', वर आलेल्यापुढे 'बाहेर'. मधली लाइन तुटली, तर पाळी संपताच सर्व्हर सगळ्यांना आपणहून 'बाहेर' करी आणि लाइन जोडली की खाणीवरही तेच उमटे. कारकून नोंद विसरतात, जादा तासांचा घोळ होतो, म्हणून हा नियम त्यानेच केला होता. केंद्राचं, म्हणजे सर्व्हरचं, ते खरं.

"सकाळी खाली छत कोसळलं, लाइन गेली," कारकून सांगत होता. "माझ्याकडे एक जण आत होता. आत्ता लाइन आली आणि डोळ्यांदेखत त्याचं बाहेर झालं."

"वर आला असेल. तुम्ही विसरला असाल."

"मी विसरेन, खुंटी कशी विसरेल? त्याचा बिल्ला खुंटीवर नाही. वर आलेला माणूस बिल्ला टांगल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही, साहेब. पाइपावर ठकठक ऐकली म्हणतात पोरं. अधिकारी म्हणतात पाणी असेल, यादीत कुणी आत नाही. बचावाची यंत्रं परत गाडीवर चढवताहेत."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

"मागेही ह्याचंच असं झालं होतं. वरखाली नेणारा पाळणा बंद पडून खाली अडकला, लाइनही गेली, आणि कॉम्प्युटर म्हणे घरी गेला. वर आला तो हसतच. म्हणाला, मुख्य कार्यालयात माझा दादा बसतो, त्यालाच पत्र टाकून विचारतो, मी आत की बाहेर. उत्तर काही आलं नाही बिचाऱ्याला." मग कारकुनाने विचारलं, "तुमच्या ओळखीतला आहे का हो तो दादा?"

त्याने यादी उघडली. धाकट्याचं नाव शोधावं लागलं नाही. वर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : मेळ पूर्ण, तफावत नाही.

त्याने नोंद बदलायला घेतली. केंद्राची नोंद चुकीची होती हे मान्य आहे का, असं मशीनने विचारलं. हा प्रश्नही त्यानेच कधीतरी घालून ठेवला होता, कुणी सहजासहजी होय म्हणू नये म्हणून.

"साहेब, ऐकताय ना? ठकठक थांबली म्हणताहेत."

त्याने होय म्हटलं. मग धाकट्याच्या नावापुढे उत्तर लिहिलं आणि पाठवलं.

आत.