दुखतंय का?

पायावरची जखम तळहाताएवढी झाली, तरी पट्टी बदलताना गवंडीकाका हूं की चूं करायचे नाहीत. वॉर्डातल्या आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट कौतुकाने बघायचे, काका मिशीला पीळ द्यायचे.

आज मात्र डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता. "काका, या जखमेतले जंतू विष सोडतात. ते मांस कुजवतं आणि नसाही बधिर करतं, म्हणून दुखत नाही. औषध लागू पडलं की दुखायला लागतं. तुम्हाला अजून काहीच नाही. उद्या ऑपरेशन करून बरंच कापावं लागेल."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... दुखणं चांगलं?"

"फारच चांगलं!"

उशाशी बसलेल्या काकू उसळल्या. "अहो, मग आठवडाभर पट्टी सोडताना माझा हात पिरगाळताय, तो काय लाडाने?"

काकांनी खाटांकडे एकदा चोरून पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने जखमेची कड जराशी दाबली.

"आई गं, मेलो!"

आठवडाभर दाबून ठेवलेली बोंब ती, पार जिन्यापर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, अजून जोरात!"