बिनापंख्याचा सर्व्हर

"बिनापंख्याचा घेऊ नका, काका," स्वप्निल म्हणाला. "मे महिन्यात तापून बंद पडन. अन् घरात कूलर चालू असला का आतला पंखा ऐकूच नाई येत."

"ऐकताना कूलर बंद ठेवीन," मधुकरराव म्हणाले. "मले दुसरा कोणताच आवाज नाई पाह्यजे."

वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद! स्वप्निलनं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. पण समुद्रपूरहून येऊन त्यानं बोरगाव मेघेत नुकतंच कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाईकाशी हुज्जत परवडणारी नव्हती.

मधुकरराव निवृत्त शिक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी घेऊन बैठकीत बसायचे आणि स्वतःची भजनं रेकॉर्ड करायचे. वर्षानुवर्षांची भजनं एका हार्डडिस्कवर साठली होती. आता ती वाजवायला त्यांना घरी सर्व्हर हवा होता.

त्यांच्या पत्नी शोभाबाई दिवाळीत गेल्या. तेव्हापासून म्हातारा दार लावून स्वतःचंच गाणं ऐकत बसे. स्वतःवर प्रेम असावं माणसाचं, पण इतकं? सून आचल तर धुसफुसत असायची. "आईंचा फोटो अजून फ्रेम नाई केला," ती शेजारणीला म्हणे, "अन् हे आपल्याच गाण्यात रमून राह्यले."

"जुनी डिस्क घरघर करते," स्वप्निल म्हणाला. "बिनापंख्याच्या डब्यात तापनही लय. नवी, बिनाआवाजाची टाकतो. जुनीचं काय करू?"

"ठेवून घे तुले."

आठवड्यानं त्यानं सर्व्हर आणून बैठकीत जोडून दिला.

"काका, एक काम माझ्याकडून फुकट. गाण्यामागं कूलरची घरघर होती, बादल्यांची खटखट होती. सगळं साफ केलं. दोन कडव्यांमधली जागा तर पार कोरी केली. आता फक्त तुम्ही."

मधुकररावांनी कूलर बंद केला. भजन सुरू झालं. आवाज इतका स्वच्छ, की आचलही दारात थबकली.

"बाबा, आत्ता गाऊन राह्यले असं वाटते."

पहिलं कडवं संपलं. मधुकररावांनी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि कान दिला. मग मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा खुर्ची सरकवली. त्यांचा चेहरा पडला.

"जुनी डिस्क कुठं हाय?"

"ते तं पुसून रोहणा गावच्या एका गिऱ्हाईकाले देली. तुम्हीच म्हणलं ना, ठेवून घे. काऊन, एखादं भजन राह्यलं काय?"

मधुकररावांना रडू आवरेना.

"भजनं हायेत रे सगळी," ते म्हणाले. "पण इथं शोभा म्हणते ना, 'सरका जी जरासे, कूलरात पाणी टाकाचं हाय'... ते कुठं गेलं?"