मोज्यातला हात

तोंडी परीक्षेत डॉ. चौबळबाईंनी निनादला अंगठा करंगळीला टेकवायला सांगितलं आणि कुठला स्नायू काम करतोय ते विचारलं. त्यानं स्नायू, त्याची नस, सगळं अचूक सांगितलं. त्यात नवल नव्हतं. हल्ली जाणकाराच्या हाताच्या हालचाली भरलेला, शिकवणारा हातमोजा चढवला की तोच हात हलवतो आणि स्नायूंचा अभ्यास अंगात मुरतो.

पण पुढच्या प्रश्नावर विचार करताना निनादचा डावा तळवा खोलगट झाला. उजवी तर्जनी त्यात टेकली आणि दातांवर फिरू लागली.

"मिश्री लावतोस?" बाईंनी डोळे बारीक केले.

"नाही मॅडम. हात आपोआप जातो."

"म्हणजे चोरबाजारातला मोजा वापरलास. कुणाचा हात भरलाय त्यात?"

"कॉलेजचाच आहे, मॅडम," निनाद गोंधळला. "तुमच्या हातावरून बनवलेला."

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. रांगेतली मुलंही विचारात होती, आणि प्रत्येकाची तर्जनी दातांवर फिरत होती.

विचार करता करता बाईंचंही बोट ओठांशी पोहोचलं होतं. त्यांनी ते घाईनं पदराला पुसलं.