खाडा

गंगाखेडच्या टेलिफोन एक्स्चेंजात नवं मशीन बसलं, तसं लाइनमन पंडितच्या मागं एक काम लागलं. रोज दहाच्या ठोक्याला राणीसावरगावचा सार्वजनिक फोन लावायचा, "हॅलो, टेस्टिंग" म्हणायचं आणि पलीकडून आवाज आला की रजिस्टरात 'लाइन ठीक' लिहायचं.

पलीकडं कस्तुराबाई असत. फोन त्यांच्याच पिठाच्या गिरणीत होता. "हां, टेस्टिंगभाऊ, खणखणीत यायलाय आवाज!" त्या ओरडून सांगत. पंडितला हसू येई, पण चूक दुरुस्त करावीशी त्याला कधी वाटली नाही. तारा जोडत गावोगाव हिंडताना, पाणी देण्याआधी आडनाव विचारणारे त्याला पुष्कळ भेटले होते. या बाईनं परस्पर नावच ठेवून टाकलं होतं.

चौथ्या महिन्यात एके दिवशी फोन लागेना. वाटेत कुठंतरी तार तुटली होती. दुपारच्या एसटीनं कस्तुराबाई घामाघूम होऊन एक्स्चेंजात हजर.

"फोन बंद आहे ना? तक्रार लिहून द्या," साहेब म्हणाले.

"फोनचं ऱ्हाऊ द्या हो. तुमचे टेस्टिंगभाऊ बरे हायेत का? चार म्हयन्यांत त्यांचा एक खाडा न्हाई."

पंडित उठला. "मीच तो, मावशी," म्हणत त्यानं आपल्या तांब्यातलं पाणी पुढं केलं.

ते घटाघटा पिऊन त्या म्हणाल्या, "ठणठणीत दिसायलाव की! मग झालं."

तार अजून तुटलेलीच होती. पंडितनं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'लाइन ठीक'.